दिवाळीनंतरचा पहिला गड: वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की या सदराकडे डोंगराचे प्रश्न येऊ लागतात. यंदा बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी भागातून आलेली बहुतेक पत्रं पहिल्यांदाच मित्रमंडळींबरोबर गड चढायला निघालेल्यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत. उत्तरं या भागात नवख्यांना घेऊन चढणाऱ्या जाणत्या मंडळींनी मिळून दिली आहेत.

प्रश्न: आम्ही सहाजण, त्यात दोन मुली. राजहंसगड सोडला तर कुणी काही चढलेलं नाही, आणि तिथेही गाडीनेच गेलो होतो. एकजण म्हणतो चोर्ल्याकडच्या जंगलात घुसू, धबधबे बघू. दुसरा म्हणतो महिपाळगड. नोव्हेंबरच्या शेवटी जायचं आहे. कुठे जावं? (टिळकवाडी, बेळगाव)

महिपाळगडवाल्याचं ऐका.

पहिल्या डोंगराला तीन गोष्टी असाव्यात: जवळ वस्ती, चुकायला अवघड अशी वाट, आणि कुणाचा पाय मुरगळला तर गाडी पोचेल असा रस्ता. महिपाळगडाला तिन्ही आहेत. गडावर गावच वसलेलं आहे, त्यामुळे तिथवर रस्ता आहे, माणसं आहेत, विचारायला तोंड आहे. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळीला यायचं आणि तिथून देवरवाडीला वळायचं. वैजनाथाच्या देवळाजवळ गाड्या लावून पुढचा चढ पायी करा. पायवाट कुठून सुटते ते देवळाजवळच्या माणसांना विचारून घ्या. गवत वाढलेलं असतं तेव्हा मोबाइलच्या नकाशापेक्षा गुरं राखणाऱ्याचा शब्द खरा.

उंचीचे आकडे वाचून मात्र हबकू नका, आणि फुशारूनही जाऊ नका. गड समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर आहे हे खरं, पण बेळगाव शहरच अडीच हजार फुटांच्या आसपास वसलेलं आहे. पायाला कळतो तो पायथा आणि माथा यांतला फरक, आणि तो किती आहे हे आधी विचारायचं. आपल्याकडचे चंदगड भागातले गड याच कारणाने नवख्यांना सोसतात. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या कड्यांचं गणित निराळं, तिथे पाय कोकणात ठेवून सगळी उंची चढावी लागते.

आता चोर्ल्याकडच्या जंगलाचं. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग देखणा आहे, पण तो पहिल्या खेपेचा नाही. भीमगड परिसर २०११मध्ये अभयारण्य झाला. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आजूबाजूच्या राखीव जंगलातही वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. रस्त्याकडेच्या पाट्या बऱ्याचदा फक्त कन्नडमध्ये असतात. वाचता येत नाही म्हणून पाटी लागू होत नाही, असं नाही. शिवाय जांबोटी ओलांडली की मोबाइलला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही. जंगलात अस्वल आणि गवे आहेत. २००२पासून दोडामार्ग-चंदगड पट्ट्यात हत्तीही येतात. यातलं कुणी मुद्दाम तुमच्या अंगावर येत नाही, पण सहाजण गप्पा मारत अनोळखी रानात अंधार करून बसले की कशाशीही गाठ पडू शकते.

जायच्या आधीच्या रविवारी राजहंसगड एकदा पायी चढा. डांबरी रस्त्याने गेलात तरी चालेल. बूट कुठे चावतो, बॅगेचा पट्टा कुठे रुततो, कोण किती वेगाने चालतं, हे तिथे दोन तासांत कळतं. पुढच्या खेपेला पाटणे फाट्याजवळच्या कालिवड्यातून कलानिधीगड करा. संकेश्वरकडच्या मंडळींना हरगापूरचा वल्लभगड घराजवळ आहे, त्यांनी एवढ्या लांब यायचंच कारण नाही.

प्रश्न: किती वेळ लागेल हे कसं काढायचं? प्रत्येकजण वेगळं सांगतो. (निपाणी)

पहिली सहल बिघडते ती बहुधा इथेच. दम लागून फार थोडेजण परत फिरतात. अंधार पडून अडकणारे त्याच्या कितीतरी पट.

स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२मध्ये एक ठोकताळा दिला. सपाटीला तासाला ५ किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वाढवायचा. तो सरावलेल्या माणसाचा आहे. नवख्या टोळीला आपल्या दगडगोट्यांच्या वाटेवर तासाला ३ किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाला १५ मिनिटं असा हिशोब धरा. समजा वाट एका बाजूने ४ किलोमीटर आणि चढ ३०० मीटर आहे. चालायचे ८० मिनिटं, चढाचे ४५, म्हणजे दोन तास पाच मिनिटं. तासाला दहा मिनिटं बसणं धरून जवळपास अडीच तास. माथ्यावर जेवण, फोटो, बुरूज बघणं यात एक तास जातोच. उतरायला पावणेदोन तास धरा. उतार आहे म्हणून निम्म्या वेळात होईल या भ्रमात राहू नका, दगडी उतारावर नवखा माणूस चढापेक्षा फारसा भरभर जात नाही. एकूण सव्वापाच तासांच्या आत बसतं. त्यावर एक तास हातचा ठेवला की सव्वासहा.

सकाळी सातला पायथा सोडलात तर सव्वाच्या सुमाराला गाडीपाशी. आणि आपल्याकडे होतं ते काय? सहाला निघायचं ठरतं, साडेसातला सगळे जमतात, वाटेत मिसळ होते, एकाच्या गाडीत पेट्रोल नसतं, आणि पायथ्याला साडेअकरा वाजतात. मग हिशोब पावणेसहाला पोचतो. नोव्हेंबर अखेरीला बेळगावात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, ओहळाच्या खोबणीत आणि झाडीत त्याच्याही आधी दिसेनासं होतं. हातचा तास कुणाच्या चपलेचा पट्टा तुटण्यात गेला की खेळ संपला.

म्हणून निघायच्या वेळेपेक्षा परत फिरायची वेळ आधी ठरवा आणि ती सगळ्यांसमोर बोलून दाखवा: 'साडेबारा वाजले की जिथे असू तिथून मागे.' माथा पन्नास पावलांवर दिसत असला तरी. हे वाक्य खाली, गाडीपाशी, सगळे ताजे असताना म्हटलेलं असलं तर वर भांडण होत नाही. वर गेल्यावर ते काढणारा माणूस सगळ्यांना घाबरट वाटतो. मागे कधी फिरायचं हे ठरवायची जबाबदारी तेव्हा कुणालाच नको असते.

आणि घरी एका माणसाला कागदावर लिहून द्या: कुठला गड, कुठल्या गावातून चढणार, गाडीचा नंबर, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर गावात चौकशी करायची.

प्रश्न: ट्रेकिंगचे बूट चार-पाच हजारांचे दिसतात. घ्यावेच लागतात का? (खानापूर)

पहिल्या खेपेला नाही. तळव्याला खोल खाचा असलेले, तीन-चार महिने वापरलेले कुठलेही स्पोर्ट्स शूज चालतील. गुळगुळीत झालेला तळवा, सॅन्डल, आणि काल आणलेला नवा बूट, हे तिन्ही नकोत. विकत घेणारच असाल तर संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि जाड मोजा घालूनच माप द्या. बूट घालून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घामाने भिजतो आणि भिजलेलाच राहतो, ओली कातडी मऊ पडून सोलते. नायलॉन किंवा लोकर मिसळलेले घ्या. दोन दिवस आधी पायाची नखं कापा, त्याच सकाळी नको. टाचेला किंवा करंगळीला चुरचुर सुरू झाली की लगेच थांबा, मोजा काढा, जागा पुसून कोरडी करा आणि मेडिकलमध्ये मिळते ती कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. 'वर जाऊन बघू' म्हणणाऱ्याचा फोड वर जाऊन फुटलेलाच असतो.

नोव्हेंबरात सड्यावरचं गवत वाळायला लागतं आणि त्याची कुसळं मोज्यात शिरून घोट्याला टोचत राहतात. पँटचा काठ मोज्यात खोचा, दिसायला बावळट दिसलं तरी. जीन्स घालू नका, भिजली की जड होते आणि गुडघ्यात वाकत नाही.

प्रश्न: ब्लूटूथ स्पीकर न्यावा का? (शहापूर, बेळगाव)

नाही. गडाच्या कड्यांना आग्यामोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर, मारलेला दगड, गोंगाट यांपैकी कशानेही ती उठू शकतात. उठलीच तर हात झाडत उभं राहायचं नाही. तोंडाभोवती कापड गुंडाळून, कड्याची बाजू कुठली आहे ते बघून, दाट झुडपाकडे निघून जायचं. काटा नखाने खरवडून लगेच काढा.

प्रश्न: पाणी किती, खाणं काय? आमच्यात एकजण म्हणतो वर गावात मिळेल. (हुक्केरी)

वर मिळेल ते वर बघू, पायथ्याला बाटल्या भरलेल्या हव्यात. चालताना तासाला अर्धा लिटर धरा, सहा तासांना प्रत्येकी ३ लिटर. एका बाटलीत नव्हे, एक-एक लिटरच्या तीन बाटल्यांत. एक गळली तर दोन राहतात, आणि किती संपलं हे डोळ्यांना दिसतं. नियम असा ठेवा की माथ्यावर पोचताना निम्म्याहून थोडं जास्त पाणी शिल्लक असेल. गडावरच्या टाक्यातलं पाणी थंडगार दिसलं तरी उकळल्याशिवाय पिऊ नका, त्यात गुरंही तोंड घालतात.

ओआरएस न्या, पण पाकीट नीट वाचा. बाजारात १ लिटरची पाकिटं मिळतात आणि २०० मिलीचीही. लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतलं की द्रावण घट्ट होतं आणि पोट बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सगळं पाणी ओआरएसचं करायची गरज नाही, तीनपैकी एक बाटली पुरे. नुसतं साधं पाणी घटाघटा पिणंही बरं नव्हे. घामाने गेलेलं मीठ भरून येत नाही आणि डोकं दुखून उमासे येतात.

खाण्यात आपल्या भागाला तोड नाही. गोकाकचा करदंट यासाठीच केला असावा असं वाटतं: गूळ, डिंक, सुकामेवा, वितळत नाही, चुरा होत नाही, आणि चार घास पोटाला धरतात. त्याउलट कुंदा घरी ठेवून या. जेवायला चपात्या, ठेचा, कोरडी भाजी. नारळ किंवा दही घातलेलं काही दुपारपर्यंत टिकेल याची खात्री नाही. वर पोचून एकदम पोटभर जेवू नका. भरल्या पोटी उतार उतरताना पाय जड पडतात आणि डोळ्यांवर झापड येते. तासातासाला मूठभर शेंगदाणे-गूळ, खजूर असं खात राहा, भूक लागायची वाट बघू नका.

बॅग १५-२० लिटरची, दोन्ही खांद्यांची. पाण्यासकट ५-६ किलोच्या वर गेली तर उघडा आणि काय फालतू आहे ते काढा. जड वस्तू पाठीला चिकटून आणि मधोमध. सगळं तळाला कोंबलं की बॅग मागे ओढते.

प्रश्न: आमच्यातला एक मित्र वजनाने ९५ किलो आहे. तो मागे राहील, बाकीचे वैतागतील. त्याला न्यावं की नको? (संकेश्वर)

न्या. पण मग सहल त्याच्या वेगाची, हे बाकीच्यांना आधी सांगा. हे न पटणाऱ्याने घरी राहावं, ९५ किलोवाल्याने नव्हे.

नेहमी काय होतं बघा. पुढचे दोघे तरातरा जातात, वळणावर बसतात, दहा मिनिटं विसावा घेतात. मागचा धापा टाकत तिथे पोचतो, आणि तो पोचला की 'चला' म्हणून हे उठतात. ज्याला विसाव्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. तासाभरात त्याचे पाय लटपटतात आणि सगळे मिळून त्याच्यावर खापर फोडतात.

उपाय साधा आहे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा. त्याच्या पुढे वाट ओळखणारा, आणि सगळ्यात शेवटी एक दमदार, शांत डोक्याचा. शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही, पहिल्याच्या पुढे कुणी जायचं नाही. फाटा आला की सगळे जमेपर्यंत कुणीही वळायचं नाही. थांबा घ्यायचा तो शेवटचा माणूस आल्यावर मोजायला सुरुवात करायची, पाच मिनिटं, घड्याळ लावून.

वेग बरोबर आहे का ते बोलून बघा. चालता चालता एक पूर्ण वाक्य सलग म्हणता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम लागत असेल तर पावलं आखूड करा, थांबू नका. चढावर धाव-थांब, धाव-थांब करणारा सगळ्यात आधी थकतो.

तयारीला तीन आठवडे मिळाले तर तेवढ्यात फरक पडतो. ३०० मीटर चढ म्हणजे तीन मीटरचा एक मजला धरून शंभर मजले. एका दिवशी शंभर चढू नका. आठवड्यातून तीनदा, दहा मजल्यांपासून सुरू करून तिसऱ्या आठवड्याला तीस-चाळीसपर्यंत या, शेवटच्या आठवड्यात पाठीवर चार किलो घेऊन. लिफ्टने खाली येऊ नका, उतरायचा सराव चढायच्या सरावाइतकाच लागतो. छातीत दुखणं, रक्तदाब, दमा, मधुमेह यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि औषध कुठल्या खिशात आहे हे निदान दोघांना माहीत असू द्या.

प्रश्न: चढताना काही नाही, पण उतरताना पाय घसरतात, गुडघे कुरकुरतात. आम्ही भितोच उतरायला. (चिकोडी)

भीती वाटते म्हणून माणूस मागे रेलतो, आणि मागे रेलतो म्हणूनच घसरतो. वजन मागे गेलं की टाच टेकते आणि तळव्याचा पुढचा भाग उचलला जातो. पकड फक्त टाचेच्या दोन बोटं जागेवर उरते. घसाऱ्यावर ती पुरत नाही.

आपल्या डोंगरांवरचा घसारा नीट बघा. जांभ्याचा दगड झिजला की त्याच्या वाटाण्याएवढ्या, हरभऱ्याएवढ्या गोल गोळ्या होतात आणि त्या कठीण जमिनीवर पसरून राहतात. पाय टेकला की त्या बुटाखाली फिरतात. वाटेत तांबडी, मोकळी, चकचकीत गोटी दिसली की समजा, इथे सावकाश. ती टाळून कडेच्या गवताच्या मुळांवर किंवा जमिनीत रुतलेल्या मोठ्या दगडावर पाऊल ठेवा. आधी दगडावर हलकं वजन टाकून बघा, डुगडुगला तर सोडा. सावलीतला काळपट, ओलसर जांभा कोरड्या घसाऱ्यापेक्षा वाईट, त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो.

गुडघे किंचित वाकलेले ठेवा, पावलं निम्मी करा, अख्खा तळवा एकदम टेकवा, आणि नाक पुढच्या पायाच्या चवड्याच्या रेषेत ठेवा. पहिली दहा पावलं अंगावर काटा येतो, मग पकड जाणवते. फार उभा उतार असेल तर तोंड आडवं करून तिरकं, नागमोडी उतरा. बसून सरकायला लाज वाटायचं कारण नाही, फक्त बॅगेचा पट्टा कुठे अडकत नाही ना ते बघा. गवत मुठीत धरून लटकू नका, नोव्हेंबरातलं गवत हातात येतं.

दगड सुटला की 'दगड!' म्हणून ओरडायचं, तो कितीही लहान असो. खालच्याने वर बघायचं नाही, डोकं बॅगेखाली घ्यायचं. घळीत एकाच्या खाली दुसरा असा चालू नका, एकेकाने उतरा.

उतरायच्या आधी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधा. टाच मागे आपटून बसवा, घोट्याजवळची नाडी घट्ट, बोटांवरची थोडी सैल. नाहीतर प्रत्येक पावलाला अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटतं आणि आठवड्याने काळं पडतं. काठी घ्यायची असेल तर ती उतरायला घ्या. चढताना कोपर काटकोनात येईल एवढी उंच, उतरताना त्याहून पाच-दहा सेंटीमीटर जास्त. बांबूचा सोटाही चालतो, पण तो झाडाचा तोडून नव्हे, घरून आणलेला.

प्रश्न: घरचे म्हणतात जंगलात माकडताप होतो, साप चावतात. त्यांना काय सांगू? (खानापूर)

भीती खोटी आहे असं सांगू नका, कारण ती खोटी नाही.

माकडताप १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. २०१६मध्ये शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली होती. काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला फिरायचा. गोचिडीची पिलं तिळाहूनही बारीक असतात आणि पाचोळ्यात बसून राहतात. काजूच्या बागेत किंवा जंगलातल्या पाचोळ्यावर पथारी टाकून जेवायला बसणं म्हणूनच नको, मोकळ्या कातळावर बसा. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात. प्रभावित भागात आरोग्य खातं गोचीड दूर ठेवणारं डीईपीए तेल देतं, मिळालं तर उघड्या अंगाला लावा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता तिथून निघा आणि वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि साबणाने आंघोळ करताना काख, जांघा, गुडघ्यामागची घडी, कानामागे हात फिरवून बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडीचा चटका हे उपाय करू नका. पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात एकदम ताप, डोकेदुखी, अंग मोडून आलं तर डॉक्टरांना 'जंगलात गेलो होतो' हे सांगायला विसरू नका. नाहीतर साध्या तापाच्या गोळ्यांवर दिवस जातात.

सापाचं थोडक्यात: दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, ओंडका ओलांडताना आधी त्यावर पाय द्यायचा आणि पलीकडे बघून उतरायचं. चावलाच तर दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय काठीला बांधून हलणार नाही असा करा, वेळ लिहून ठेवा, माणसाला शक्यतो चालवू नका, उचलून न्या. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं आणि ते दवाखान्यातच मिळतं. १०८ला फोन लावा, वाट न बघता गाडी काढणं जवळचं असेल तर गाडी काढा. साप पकडून दाखवायला नेण्याच्या फंदात पडू नका.

जळवा हा पावसाळ्यातला त्रास. नोव्हेंबर अखेरीला त्यांची फारशी चिंता नको.

प्रश्न: वाट चुकली तर? (उचगाव)

आधी थांबा. शेवटची ओळखीची खूण कुठे होती ते आठवा आणि तिथवर मागे या. 'खाली गेलं की गाव येणारच' या तर्काने ओहळ धरून उतरणारे कड्याच्या तोंडाशी जाऊन अडकतात, कारण पाणी उडी मारतं आणि माणसाला ती मारता येत नाही. ढोरवाटा फसव्या असतात. ठसठशीत सुरू होतात आणि झुडपात विरतात. डोक्याला फांद्या लागायला लागल्या की समजा, ही वाट माणसांची नाही.

नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, म्हणजे रेंज नसली तरी चालतो. प्रत्येकाकडे शिट्टी आणि विजेरी, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. फोन लागत नसला तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळाला तरी तो लागतो.

प्रश्न: नोव्हेंबरला जमलं नाही तर एप्रिल-मेमध्ये गेलो तर? (टिळकवाडी, बेळगाव)

पहाटे निघून दहा वाजेपर्यंत खाली येणार असाल तरच. पाणी दीडपट धरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर वळीव येतो, आणि उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की माथा सोडायचा. बुरुजावरच्या लोखंडी ध्वजस्तंभाजवळ, एकट्या झाडाखाली, उथळ गुहेच्या तोंडाशी थांबू नका. उतरायला वेळच नसेल तर एकमेकांपासून लांब होऊन, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका.

प्रश्न: मुलींसाठी वर सोय असते का? विचारायला संकोच वाटतो. (बेळगाव)

वाटेवर नसते, महिपाळगडावर गाव आहे, तिथे एखाद्या घरी विचारलं तर नाही म्हणणार नाहीत. पण त्यासाठी पाणी कमी पिणं हा उपाय नव्हे. त्याने चक्कर येते आणि लघवीची जळजळ पाठीशी लागते. वाटेवर जायचं झालं तर वाटेपासून आणि पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, जोडीने जा, एक पहाऱ्याला. आधी काठीने झुडूप हलवा. कागद, पॅड जागेवर टाकायचे नाहीत. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुनं वर्तमानपत्र बॅगेत ठेवा, गुंडाळून परत आणा. पाळीची तारीख जवळ असेल तर एक जादा जोडी कपडे आणि नेहमीची गोळी. पुढे चालणाऱ्या मुलांना एवढंच सांगा की थांबा म्हटलं की कारण न विचारता थांबायचं आणि पाठ फिरवून पुढच्या वळणावर उभं राहायचं.